केबिनमधला भूमिपुत्र

वीतभर रुंदीचा डबा. समोर काच, काचेच्या बाजूला रबरी बटणं. त्यांतल्या वर-खाली जायच्या दोन बटणांवरची खूण अंगठ्याने घासून पुसली गेलेली. मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत कुठल्याही ट्रॉलरच्या केबिनमध्ये डोकावलं तर सुकाणूच्या वर, बोट हाकणाऱ्या तांडेलाच्या नजरेच्या टप्प्यात हा लोखंडी पट्टीवर बसलेला दिसतो. एका बाजूला देवाची तसबीर, दुसऱ्या बाजूला वायरलेस, खाली होकायंत्र. होकायंत्राकडे दिवसातून किती वेळा नजर जात असेल कोण जाणे. याच्याकडे मात्र बिडी पेटवतानाही जाते. नारळी पौर्णिमेला इंजिनाबरोबर यालाही हळद-कुंकू लागतं, झेंडूचं फूल मिळतं. फूल घसरून काचेवर आलं की तांडेल ते बोटाने बाजूला सारतो आणि आकडे पुन्हा मोकळे करतो.

नाव जीपीएस. बंदरावर लहान पोरालाही ते माहीत असतं. बोटीवर यायच्या आधी ज्याने समुद्र पाहिलेला नसतो असा नेपाळहून आलेला खलाशीसुद्धा भरती-ओहोटी कळायच्या आधी याचे आकडे वाचायला शिकतो.

बोलणं अगदी मोजकं. आपण कुठे आहोत, कुठल्या दिशेने चाललो आहोत, किती वेगाने, आणि निघाल्यापासून किती अंतर झालं. वेग सांगायचा तर तो नॉटमध्ये, तोही दशांशासकट. ६.४. मग ६.५. मग ६.३. एवढा काटेकोरपणा मागितलेला नसतो, पण स्वभावच तसा. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर. त्या मैलाच्या दहाव्या भागाचाही हिशेब हा सोडत नाही.

एक खोड मात्र आहे. याला गप्प बसता येत नाही. बोट धक्क्याला चार दोरांनी बांधलेली, इंजिन बंद, खलाशी जाळं शिवत बसलेले; आणि हा सांगतो, वेग ०.१. क्षणभराने ०.२. दिशा तर गरगर फिरत असते, आता उत्तर, आता आग्नेय. खोटं बोलायचं म्हणून बोलत नाही. वरून येणाऱ्या संदेशांत थोडी थरथर असते आणि थोडीशी थरथर हीदेखील याच्या लेखी हालचालच. काही संचांत अंतराचा हिशेब रात्रभर चालू राहिला तर बांधलेल्या बोटीच्या नावावर सकाळी थोडाफार प्रवास जमा झालेला सापडतो. बाहेर मोठ्या लाटेत आणखी गंमत. अँटेना असते काठीवर, उंचावर. बोट डोलली की काठीचा शेंडा दोन्ही बाजूंना हेलकावतो आणि बोटीच्या चालीत शेंड्याचं झुलणंही हा बिनदिक्कत मिसळून देतो. अनुभवी तांडेल म्हणूनच एक आकडा कधी घेत नाही, थोडा वेळ बघत राहतो.

याचं सगळं लक्ष वर. २०,२०० किलोमीटर उंचीवरून किमान चोवीस उपग्रह पृथ्वीला दिवसातून दोनदा फेरी घालत असतात. त्यांतले निदान चार दिसले की याचं काम सुरू होतं: तिघांवरून जागा ठरवायची आणि चौथ्यावरून स्वतःचं स्वस्तातलं घड्याळ नीट लावून घ्यायचं. घड्याळ नीट नसेल तर सगळं मुसळ केरात. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, त्यामुळे सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक म्हणजे ३० सेंटिमीटरची चूक. उपग्रहांवरची घड्याळं आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, हे आइनस्टाइनच्या सिद्धांतातून निघालेलं गणित. ती दुरुस्ती केली नसती तर दिवसभरात दहा किलोमीटरहून जास्त गोंधळ साचला असता. रत्नागिरीच्या कोळंबीमागे सापेक्षतावाद उभा आहे.

पण वेग कसा कळतो? इथे हा मुलखाचा हुशार. दोन जागांमधलं अंतर वेळेने भागून वेग काढता येतोच. चांगला संच मात्र तेवढ्यावर थांबत नाही. उपग्रहाची लहर सेकंदाला १५७ कोटींहून जास्त वेळा कंप पावते. बोट उपग्रहाच्या दिशेने एका नॉटने सरकली तर त्या कंपनांत फरक पडतो जेमतेम पावणेतीनचा. १५७ कोटींत पावणेतीन. त्यात उपग्रह स्वतः सेकंदाला जवळजवळ चार किलोमीटर धावतोय, त्याचा परिणाम हजारो कंपनांचा; तो आधी वजा करायचा आणि मग उरलेल्या चिमूटभर फरकातून आपल्या बोटीची चाल वेचायची. चार-चार उपग्रहांबाबत, दर सेकंदाला. हे सगळं करताना डिझेलच्या धुराने काळवंडलेला हा डबा जरासुद्धा गरम होत नाही.

एवढं करून याने आयुष्यात कधी पाण्याला हात लावलेला नसतो.

याच्या पूर्वजांचं तसं नव्हतं. ते सगळे पाण्यातलेच. शिडाच्या जहाजांवर लाकडाचा एक चतकोर तुकडा असे, गोल कडेला शिसं भरलेला, म्हणजे पाण्यात टाकला की उभा राहावा आणि जिथे पडला तिथेच थबकावा. त्याला लांबलचक दोरी, दोरीला ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ. एकाने तुकडा पाठीमागे फेकायचा, दुसऱ्याने २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, तिसऱ्याने दोरीची फिरकी धरायची. वाळू संपली की दोरी आवळायची; जितक्या गाठी हातातून गेल्या तितके नॉट. पुढे एकोणिसाव्या शतकात पितळी भोवरा आला. दोराच्या टोकाला बांधून तो जहाजामागे ओढत न्यायचा, तो फिरला की मागच्या कठड्यावरच्या तबकडीवर मैल चढायचे. मोठ्या माशांनी तो भक्ष्य समजून तोडल्याच्या गोष्टी खलाशी सांगत. नंतर जहाजाच्या तळाला नळ्या आल्या, विजेचे चुंबक आले, आणि मग आवाज खाली सोडून त्याच्या परतीवरून वेग सांगणारं डॉप्लर लॉग आलं.

एक डॉप्लर सोडला तर हे सगळे लॉग, म्हणजे वेगमापक, पाण्यातून आपण किती वेगाने जातोय ते सांगत. डॉप्लरला उथळ जागी समुद्राचा तळ ऐकू येतो, खोल गेल्यावर तोही पाण्याच्याच थरावरून अंदाज बांधतो. बाकीच्यांना पाण्याच्या पलीकडची जमीन ठाऊक नव्हती. आपल्या डब्याचं नेमकं उलटं. याला जमीन पाठ आणि पाणी अनोळखी. सातबारा तोंडपाठ असलेल्या पण शेतात कधी पाऊल न टाकलेल्या तलाठ्यासारखा.

हा फरक पुस्तकी नाही. बोट खाडीच्या तोंडाशी आहे, ओहोटी जोरात आहे आणि पाणी ३ नॉटने बाहेर पडतंय असं समजू. इंजिन नेहमीच्या फेऱ्यांवर, म्हणजे बोट पाण्यातून ७ नॉटने चालली आहे. आत येताना डबा सांगतो ४. बाहेर जाताना तोच डबा, तीच बोट, तेवढंच डिझेल, सांगतो १०. नवशिक्याला वाटतं इंजिन बिघडलं किंवा सुधारलं. तांडेलाला त्या दोन आकड्यांत पाणी दिसतं. आपल्या इंजिनाची चाल त्याच्या अंगवळणी पडलेली असते, त्यातून डब्याचा आकडा वजा केला की उरते ती पाण्याची ओढ. डब्याला जे ठाऊक नाही, ते डब्याकडूनच काढून घ्यायचं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात आवडते ती ही चतुराई.

ट्रॉलरचं जाळं ओढताना तर हा फरक पोटाशीच येतो. जाळ्याचं तोंड उघडं राहतं ते दोन बाजूंच्या फळ्यांमुळे, आणि फळ्या फाकतात त्या अंगावर येणाऱ्या पाण्याच्या जोरावर. डबा दाखवतोय अडीच नॉट, कोळंबीला पुरेसा वेग. पण त्यातला दीड नॉट मागून येणाऱ्या पाण्याचाच असेल तर जाळ्याच्या वाट्याला आला एकच. फळ्या मिटायला लागतात, तोंड आकसतं, आणि तासाभराने वर येतो चिखल. अर्नाळा, सातपाटीकडच्या डोल जाळ्याच्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. त्यांचं जाळं खुंटाला बांधलेलं, जागचं हलत नाही. हलतं ते पाणी, आणि मासळी त्याच्याबरोबर आत येते. उधाणाला जाळं भरतं, भांगाला पाणी सुस्त आणि जाळंही. त्या जाळ्यावर आपला डबा नेऊन ठेवला तर वेग सांगेल शून्य. पाणी मात्र त्या वेळी तिथून जोरात वाहत असेल.

मोठ्या जहाजांच्या जगाने हा स्वभाव ओळखून कायद्यातच दोन साक्षीदार बसवले आहेत. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ३०० टनांपासून पुढच्या जहाजाला पाण्यातला वेग आणि अंतर सांगणारं साधन लागतं. ५०,००० टनांच्या पुढे गेलं की जमिनीवरचा वेगही, पुढचा आणि आडवा असे दोन्ही. हा आडवा वेग महत्त्वाचा. तेलाचं अजस्र जहाज जेट्टीला लागतं तेव्हा ते आडवं सरकत येतं आणि तिथे नॉट नव्हे, सेकंदाला सेंटिमीटर मोजावे लागतात. आपल्या डब्याची एक श्रीमंत भावकी तेवढ्यासाठीच जन्माला आली. एकाऐवजी दोन-तीन अँटेना, त्यांच्यातल्या फरकावरून नाळ किती सरकली, मागची बाजू किती सरकली, हे वेगवेगळं सांगणारी. ती किनाऱ्याला लागताना कामाची. भर समुद्रात दुसरं जहाज रडारवर दिसलं आणि टक्कर टाळायची वेळ आली, की अधिकारी पाण्यातल्या वेगाकडे वळतो, कारण दोन्ही जहाजं त्याच पाण्यावर तरंगत असतात आणि समोरच्याचं तोंड नेमकं कुठे वळलंय ते त्यातूनच उमगतं.

उपग्रहाला एके काळी मान खाली घालून लॉगकडेच जावं लागे, हेही इथे सांगायला हवं. १९५७मध्ये स्पुटनिक वर गेला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांनी त्याच्या बीपचा बदलता सूर ऐकून कक्षा काढली. मग कोणीतरी प्रश्न उलटा केला: कक्षा माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे ते सांगता येईल का? त्यातून ट्रान्झिट ही यंत्रणा उभी राहिली, मुख्यतः पाणबुड्यांसाठी. पण तिचा उपग्रह डोक्यावरून जायला बराच वेळ लागे आणि तेवढ्यात जहाज पुढे सरकलेलं असे. म्हणून संचाला आधी विचारावं लागे, जहाजाचा वेग किती? तो आकडा लॉगने द्यायचा. लॉग चुकलं तर आकाशही चुके. पुढे जीपीएस आलं आणि नातं उलटलं. १९९५मध्ये ते पूर्ण कार्यान्वित झालं; २ मे २००० रोजी अमेरिकेने सामान्यांच्या संदेशात मुद्दाम घातलेली खोट काढून टाकली आणि शंभरेक मीटरची चूक दहाएक मीटरवर आली. आता डबा लॉगकडे बघत नाही. लॉग चुकलं तर ते डब्याच्या आकड्यावरून दुरुस्त करतात.

अडचणीत सापडला की मात्र याला पुन्हा म्हाताऱ्या लॉगच्याच दारात जावं लागतं. जून १९९५. ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज दीड हजार माणसं घेऊन बर्म्युडाहून बोस्टनला निघालं. निघून तास होतो न होतो तोच जीपीएसच्या अँटेनाची वायर निसटली. आकाश बंद. अशा वेळी संच काय करतो? होकायंत्राची दिशा आणि लॉगचा वेग घेऊन अंदाजाने जागा पुढे ढकलत राहतो. या संचाने तेच केलं. मनगटी घड्याळाच्या गजरासारखा क्षणभर चिवचिवला, काचेच्या कोपऱ्यात बारीक दोन-चार अक्षरं दाखवली आणि पुढे तितक्याच आत्मविश्वासाने, तितक्याच दशांशांसकट आकडे देत राहिला. लॉगला ठाऊक पाणी, आणि पाणी स्वतः वाऱ्याबरोबर, प्रवाहाबरोबर बाजूला सरकत होतं ते कोणालाच ठाऊक नाही. अधिकाऱ्यांच्या पाळ्या बदलल्या. रडारवर दिसलेली एक खूण अपेक्षेतलीच समजली गेली. ३४ तासांनी जहाज नँटकेट बेटाजवळच्या वाळूवर चढलं तेव्हा ठरलेल्या मार्गापासून १७ मैल बाजूला होतं. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. भागाकार केला की दिसतं, तासाला अर्धा मैल. एवढंसं पाणी.

याचा खरा दोष मला तरी तोच वाटतो. चुकणं नव्हे, ठाऊक नसल्याचं मोठ्याने न सांगणं. फसवणाऱ्यांना ही सवय चांगली कळली आहे. जून २०१७मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळच्या वीसहून अधिक जहाजांवरचे संच एकसुरात सांगू लागले की आपण गेलेनझिकच्या विमानतळावर आहोत. धावपट्टीवर जहाज! खोटे संदेश खऱ्यापेक्षा मोठ्याने बोलले आणि हे सगळे पटकन मान डोलवून मोकळे. तारखेच्या बाबतीतही असाच साधा. आठवडे मोजायला याला दहाच बिट्स दिलेले, म्हणजे १,०२४ आठवडे झाले की मोजणी शून्यावर. एप्रिल २०१९मध्ये ती पाळी आली तेव्हा काही जुने संच वीसेक वर्षं मागे गेले आणि १९९९ साल दाखवू लागले. जागा बरोबर, वेग बरोबर, साल भलतंच.

आणि ज्या जमिनीशी याचं एवढं इमान, तीही त्याची स्वतःची. १९८४ साली ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर त्याचे अक्षांश-रेखांश बेतलेले. आपले जुने नकाशे एव्हरेस्टच्या १८३०च्या मापावरचे. दोघांचं जुळत नसे, म्हणून जुन्या सागरी नकाशांच्या कडेला उपग्रहाने दिलेली जागा थोडी सरकवून मांडा, अशी सूचना छापलेली असे. ती न वाचता कातळाच्या अगदी जवळून जाणं शहाणपणाचं नव्हतं.

तरीही बंदरावर याची पत मोठी आहे, ती वेगापेक्षा स्मरणशक्तीमुळे. पूर्वी म्हाताऱ्यांची खूण असे: अमुक डोंगराचा सुळका तमुक देवळाच्या कळसावर आला की खाली अमुक वाव पाणी आणि पापलेटाची जागा. खूण धुक्यात दिसत नसे आणि म्हाताऱ्याबरोबर जाई. आता ‘पॉइंट’ असतो. बुडालेलं जहाज कुठे, जाळं फाडणारा खडक कुठे, गेल्या सप्टेंबरला सुरमई कुठे लागली, सगळं डब्यात. या पॉइंटांवरून घरात भांडणं होतात. संच दुरुस्तीला द्यायचा तर आधी पॉइंट वहीत उतरवून डब्यातून पुसतात. सख्ख्या भावाच्या बोटीवर जाताना वही बरोबर नेत नाहीत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राचं तापमान आणि शैवालाचा रंग उपग्रहाने पाहून मासळी सापडण्याच्या जागा मराठीतूनही कळवते. ते आकडे सगळ्यांसाठी, म्हणून त्यांची चर्चा उघड्यावर. वहीतल्यांची नाही.

ही स्मरणशक्ती एकदा न्यायालयातही उभी राहिली. नोव्हेंबर २००८मध्ये मुंबईवर हल्ला करायला आलेल्या दहशतवाद्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवली होती. ती मुंबईजवळच्या समुद्रात सोडून दिलेली सापडली तेव्हा तिच्यावर एक जीपीएस संच होता. त्यात कराचीपासून मुंबईपर्यंतच्या जागा नोंदलेल्या होत्या. खटल्यात तो पुरावा झाला. बोटीवर कोण होतं, काय बोललं गेलं, तांडेलाचं काय झालं, यातलं काहीही याला सांगता आलं नसतं. कुठून कुठे, एवढं सांगितलं. सीमाही तशीच, पाण्यावर कुठेच आखलेली नसते, याच्या आकड्यांत तेवढी असते. गुजरातच्या बोटींवर कामाला गेलेली पालघरकडची पोरं कराचीच्या तुरुंगात पोचतात त्यामागे पुष्कळदा जाळं टाकून पाण्याबरोबर वाहत जाणारी बोट असते, आणि रात्रीच्या पाळीत डब्याकडे न गेलेली नजर.

१ जूनला मासेमारी बंद होते. बोटी वर ओढल्या जातात, इंजिन खोलतात. डबा पट्टीवरून निघतो, जुन्या लुंगीत गुंडाळून कपाटात जातो. ३१ जुलैनंतर पुन्हा पट्टीवर. चालू केला की पहिली काही मिनिटं उपग्रह शोधत रिकाम्या चौकटी दाखवतो, तेवढीच काय ती याची शांतता.

मग जाळं पाण्यात. डब्याशी बसवलेला खलाशी पोरगा आकडा वाचतो.

‘काका, दोन आठ.’

तांडेल केबिनबाहेर येऊन मागे जाळं ओढणाऱ्या वायरींकडे बघतो. हव्या तेवढ्या ताणलेल्या नाहीत. दोन्ही जवळ आलेल्या.

‘ते त्याचं. पाण्यात दीड पण नाय. फेऱ्या वाढव.’

पोरगा काचेकडे बघतो, मग तांडेलाकडे. ‘पण काका, मग तीनच्या वर दाखवील.’

‘दाखवू दे की.’